मालमत्तेच्या व्यवहारात एजंटची भूमिका : त्याच्याकडून काय घ्यावे आणि स्वतःकडे काय ठेवावे

घर, गाळा किंवा जमीन यांची खरेदी-विक्री बहुतेक माणसे आयुष्यात फार तर दोन-तीनदा करतात. एजंट मात्र तेच काम रोज करत असतो. अनुभवातल्या या तफावतीमुळे त्याची गरज भासते आणि तिच्यामुळेच त्याच्यावर डोळे झाकून विसंबणे धोक्याचे ठरते. चांगला एजंट वेळ वाचवतो, योग्य माणसांशी गाठ घालून देतो, तुटत आलेली बोलणी सांधतो आणि कागदपत्रांची धावपळ मार्गी लावतो. मात्र हे सगळे तो कुणासाठी करतो आहे आणि त्याचे पैसे नेमके कधी पदरात पडणार आहेत, या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याने पहिल्याच भेटीत मिळवली नाहीत, त्याला पुढच्या कोणत्याही टप्प्यावर एजंटच्या सल्ल्याचे वजन ठरवता येत नाही. म्हणून सुरुवात तेथूनच करावी.

तो कुणाच्या वतीने उभा आहे?

भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १८२ नुसार, दुसऱ्याच्या वतीने एखादे काम करण्यासाठी किंवा तिसऱ्या व्यक्तीशी होणाऱ्या व्यवहारात त्याचे प्रतिनिधित्व करण्यासाठी नेमलेली व्यक्ती म्हणजे एजंट. ज्याने त्याला नेमले त्याच्याशी एजंटची निष्ठा बांधलेली असते, आणि हे तत्त्व बहुतेक देशांच्या कायद्यात या ना त्या रूपात आढळते. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र गोंधळ येथेच होतो. खरेदीदार जाहिरात पाहून फोन करतो, एजंट आपुलकीने चार घरे दाखवतो, मुलांच्या शाळेची चौकशी करतो, कर्जासाठी बँकेतला ओळखीचा माणूस सुचवतो. साहजिकच खरेदीदाराला तो आपला माणूस वाटू लागतो. पण ती जाहिरात विक्रेत्याच्या सांगण्यावरून दिलेली असेल आणि मोबदलाही विक्रेताच देणार असेल, तर खरेदीदाराने गाडीत बसल्या बसल्या सांगितलेली ‘इतक्यापर्यंत आमची तयारी आहे’ ही गोष्ट विक्रेत्याच्या कानावर घालणे हे त्या एजंटचे कर्तव्यच ठरू शकते. त्यात त्याचा दोष नसतो. आपण चुकीच्या माणसापाशी मन मोकळे केलेले असते.

त्यामुळे पहिल्या भेटीत सरळ विचारावे : ‘या व्यवहारात तुम्ही कुणाचे प्रतिनिधी आहात? दलाली एकाकडून घेणार की दोघांकडून?’ उत्तर संदेशाने किंवा पत्राने लेखी मागावे. विक्रेत्याचा एजंट, खरेदीदाराचा एजंट, दोघांचाही एजंट आणि केवळ गाठ घालून देणारा मध्यस्थ हे चार वेगळे प्रकार आहेत. त्यांपैकी तिसरा सर्वांत नाजूक, कारण एकाला जास्तीत जास्त किंमत हवी असते, दुसऱ्याला कमीत कमी, आणि दोघांच्याही मनातले आकडे एकाच माणसाला ठाऊक असतात. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१८ साली अगदी मोजके अपवाद ठेवून अशा दुहेरी प्रतिनिधित्वावर बंदी घातली. अशी बंदी नसेल तेथे दोन्ही पक्षांना आधी सांगून, त्यांच्या संमतीने हे काम चालते. माझे स्पष्ट मत असे आहे की दोघांचा एजंट असलेल्या माणसाकडून घरे दाखवणे, भेटी ठरवणे, कागद जमवणे ही कामे जरूर करून घ्यावीत. किंमत किती द्यावी किंवा किती घ्यावी हा सल्ला मात्र त्याच्याकडे मागू नये.

दोन्हीकडून उघडपणे पैसे घेणे आणि गुपचूप घेणे यांत मोठा फरक आहे. एका मोठ्या हॉटेलच्या खरेदीत खरेदीदारांच्या वतीने बोलणी करणाऱ्या एजंटने विक्रेत्याकडून एक कोटी युरोचे कमिशन घेतले होते आणि ते खरेदीदारांना पुरेसे स्पष्ट केलेले नव्हते. या प्रकरणात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली निकाल दिला की ती रक्कम एजंटची नव्हेच, तो ती खरेदीदारांसाठी विश्वस्त म्हणून धारण करतो. भारतीय करार कायद्याची कलमे २१५ आणि २१६ याच विचाराची आहेत : एजंटने ग्राहकाच्या संमतीशिवाय त्या कामात स्वतःचाच व्यवहार केला, उदाहरणार्थ विकायला दिलेले घर दुसऱ्याच्या नावाने स्वतःच घेतले, तर महत्त्वाची गोष्ट अप्रामाणिकपणे दडवली असल्यास किंवा व्यवहार ग्राहकाला तोट्याचा ठरल्यास ग्राहक तो नाकारू शकतो, आणि ग्राहकाला न कळवता केलेल्या अशा व्यवहारातून मिळालेला फायदा त्याच्याकडून मागूही शकतो. इंग्लंडमधील १९७९ चा इस्टेट एजंट्स अ‍ॅक्ट तर एजंटचा मालमत्तेत वैयक्तिक हितसंबंध असल्यास तो बोलणी सुरू करण्यापूर्वीच उघड करायला लावतो. म्हणून तिसरा प्रश्नही विचारून ठेवावा : ‘या मालमत्तेत, किंवा कर्ज, विमा, दुरुस्ती यांसाठी तुम्ही सुचवत असलेल्या माणसांत, तुमचा काही आर्थिक संबंध आहे का?’

मोबदल्याचे गणित

दलाली सहसा विक्रीच्या किमतीच्या टक्क्यांत ठरते आणि ती व्यवहार झाला तरच मिळते. वरवर पाहता यात विक्रेता आणि एजंट यांचे हित एकच दिसते. आकडा मांडून पाहिले की चित्र बदलते. समजा, मालमत्तेची किंमत १०० आहे आणि दलाली २ टक्के. आजच व्यवहार केला तर एजंटला २ मिळतात. आणखी दोन महिने थांबून १०३ किंमत येणार असेल, तर विक्रेत्याचा फायदा जवळजवळ ३ होतो. एजंटच्या वाट्याला त्यातले केवळ ०.०६ येतात, आणि तेवढ्यासाठी त्याला दोन महिने जाहिरात, फेऱ्या व फोन यांचा भार उचलावा लागतो. तेव्हा ‘आलेले गिऱ्हाईक सोडू नका’ हा सल्ला तो मनापासूनही देत असेल, पण त्याच्या गणितात तो आपल्यापेक्षा फार लवकर योग्य ठरतो.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातील जवळजवळ एक लाख घरविक्रींचा अभ्यास करून २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. घरांमधील इतर फरक लक्षात घेऊनही, एजंटांनी स्वतःच्या मालकीची घरे विकताना ती सुमारे ९.५ दिवस जास्त काळ बाजारात ठेवली होती आणि त्यांना सुमारे ३.७ टक्के अधिक किंमत मिळाली होती. ग्राहकाला थांबू नका म्हणणारा माणूस स्वतःच्या घरासाठी थांबतो, एवढे यातून दिसते. याचा अर्थ प्रत्येक एजंट फसवतो असा मुळीच काढू नये. मोबदल्याची रचनाच त्याला घाईकडे ढकलते, आणि ती रचना बदलणे पुष्कळदा आपल्या हाती असते.

विक्रेत्याने टप्प्यांची दलाली सुचवून पाहावी : ठरावीक किमतीपर्यंत कमी दर आणि तिच्यावर मिळालेल्या रकमेवर बराच चढा दर. असे केल्याने शेवटच्या एक-दोन टक्क्यांसाठी झगडणे एजंटलाही परवडते. खरेदीदाराच्या बाबतीत टक्केवारी उलटच काम करते, कारण घर जितके महाग तितकी त्याच्या एजंटची दलाली मोठी. तेथे ठोक रक्कम ठरवणे अधिक न्याय्य. अमेरिकेत एका मोठ्या खटल्यातील तडजोडीनंतर, ऑगस्ट २०२४ पासून, त्या तडजोडीखाली येणाऱ्या एजंटांना खरेदीदाराला घर दाखवण्यापूर्वी त्याच्याशी लेखी करार करून मोबदला आधीच स्पष्ट करावा लागतो. आपल्याकडे अशी सक्ती असो वा नसो, हा शिरस्ता स्वतःपुरता पाळण्यासारखा आहे.

करारातील शब्द

एजंटशी केलेला करार एका पानाचा असला तरी तो सही करण्यापूर्वी घरी नेऊन वाचावा. त्यातील एक वाक्य विशेष बारकाईने पाहावे, आणि ते म्हणजे दलाली केव्हा देय होईल हे सांगणारे. ‘खरेदीदार आणून दिल्यावर दलाली देय होईल’ आणि ‘विक्रीची नोंदणी पूर्ण होऊन विक्रेत्यास पूर्ण रक्कम मिळाल्यावर दलाली देय होईल’ ही वाक्ये सारखी वाटतात, पण पहिल्यात खरेदीदाराचे कर्ज नामंजूर होऊन व्यवहार फिसकटला तरी दलालीची मागणी उभी राहू शकते. चित्रपटगृहांच्या विक्रीसंबंधी हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर, म्हणजे त्या काळच्या ब्रिटनमधील सर्वोच्च न्यायपीठासमोर, १९४१ साली आलेल्या एका गाजलेल्या खटल्यात एजंटने तयार खरेदीदार आणला होता, मालकांनी त्याला विक्री केली नाही, आणि मोबदला विक्री पूर्ण झाल्यावर द्यायचा ठरलेला असल्याने एजंटला काही मिळाले नाही. निकाल फिरला तो शब्दांवरच. आपल्या करारात दुसऱ्या प्रकारचे वाक्य आग्रहाने घालून घ्यावे.

विक्रेत्याने ‘एकमेव एजंट’ आणि ‘विक्रीचा एकाधिकार’ यांतील भेदही जाणून घ्यावा. पहिल्या प्रकारात दुसऱ्या एजंटमार्फत घर विकता येत नाही, पण मालकाने स्वतःच खरेदीदार शोधला तर सहसा दलाली लागत नाही. दुसऱ्या प्रकारात मालकाने स्वतःच्या भावाला घर विकले तरी दलाली द्यावी लागते. इंग्लंडमध्ये १९९१ च्या नियमांनी असे शब्द वापरणाऱ्या एजंटला त्यांचा अर्थ ग्राहकाला लेखी समजावणे बंधनकारक केले, यावरूनच हे शब्द किती जणांना भोवले असतील याची कल्पना यावी. एकाच एजंटकडे काम दिल्याने तो जाहिरातीवर मनापासून खर्च करतो हे खरे असले तरी मुदत मर्यादित ठेवावी आणि काम समाधानकारक नसल्यास नोटीस देऊन करार संपवण्याची सोय असावी. मुदत संपल्यानंतरही त्याने दाखवलेल्या खरेदीदाराने घर घेतल्यास दलाली मागण्याचे कलम बहुधा असते. ते गैर नाही. फक्त त्याचा काळ ठरलेला असावा आणि मुदत संपताच एजंटने अशा खरेदीदारांची नावे लेखी द्यावीत.

खरेदीदाराला पुष्कळदा घर पाहण्याआधी एका छोट्या अर्जावर सही करायला सांगतात. ‘ही मालमत्ता मी यांच्यामार्फत पाहिली’ एवढेच त्यात असेल तर हरकत नाही. खाली बारीक अक्षरात दलालीचा दर आणि ती देण्याचे वचन छापलेले असेल तर तो करारच झाला, हे ओळखून मगच सही करावी.

विक्रेत्याने काम कसे करून घ्यावे

किंमत ठरवण्यासाठी दोन-तीन एजंटांना बोलवावे आणि ज्याने सर्वांत मोठा आकडा सांगितला त्यालाच काम देण्याचा मोह आवरावा. काम मिळवण्यासाठी फुगवलेली किंमत सांगायची आणि काही आठवड्यांनी ‘बाजार थंड आहे’ म्हणत ती उतरवायला लावायची, ही पद्धत जुनी आहे. तोवर घर जाहिरातीत शिळे होते, आणि इतके दिवस विकले का गेले नाही, अशी शंका नव्या खरेदीदाराच्या मनात येते. एजंटकडे जाहिरातींतील मागणीच्या किमती न मागता अलीकडे खरोखर पूर्ण झालेल्या व्यवहारांच्या किमती मागाव्यात. क्षेत्रफळ, मजला, इमारतीचे वय आणि व्यवहाराची तारीख यांसह. त्यातून त्याने आपला आकडा कसा काढला हे त्याला समजावून सांगता आले, तर तो अभ्यास करून आलेला आहे असे समजावे.

नेमणूक झाल्यावर आठवड्यातून एकदा लेखी अहवाल मागण्याची सवय लावावी : किती जणांनी विचारणा केली, किती जण येऊन पाहून गेले, त्यांना काय खटकले. प्रत्येक प्रस्ताव, अगदी हास्यास्पद वाटणारासुद्धा, आपल्यापर्यंत पोहोचवावा असे स्पष्ट सांगावे, कारण कोणता प्रस्ताव नाकारायचा हे ठरवण्याचा अधिकार मालकाचा आहे. इंग्लंडमधील १९९१ च्या एका आदेशाने प्रस्ताव विक्रेत्याला तातडीने आणि लेखी कळवणे एजंटवर बंधनकारक केले होते. प्रस्ताव पाहताना केवळ रक्कम पाहू नये. कर्ज आधीच मंजूर असलेल्या आणि ठरल्या तारखेला पैसे देऊ शकणाऱ्या खरेदीदाराचा थोडा कमी आकडा पुष्कळदा अधिक मोलाचा असतो, आणि ही पारख करून देण्यात अनुभवी एजंटचे खरे कौशल्य दिसते.

खरेदीदाराने काय विचारावे

खरेदीदाराची सर्वांत उपयोगी माहिती बहुधा घराच्या भिंतींत नसून घराच्या इतिहासात असते. हे घर बाजारात केव्हापासून आहे, मध्ये किंमत बदलली का, आधी कुणाशी बोलणी झाली होती आणि ती का मोडली, मालक का विकतो आहे, सध्या आत कोण राहते आणि कोणत्या हक्काने, हे प्रश्न शांतपणे विचारावेत व उत्तर देताना एजंट कोठे अडखळतो ते पाहावे. ‘मागच्या गिऱ्हाइकाचे कर्ज झाले नाही’ असे उत्तर आले तर पुढचा प्रश्न हवा : बँकेने खरेदीदाराला नाकारले की मालमत्तेला? बँकेच्या वकिलाला कागदपत्रांत खोट सापडली असेल, तर ती आपल्यालाही आडवी येणार.

तोंडी दिलेली आश्वासने त्याच दिवशी लेखी करून घ्यावीत. ‘आज आपण सांगितल्याप्रमाणे वाहनतळाची जागा विक्रीत समाविष्ट आहे आणि मागील सर्व देणी विक्रेता भरणार आहे, हे बरोबर आहे ना?’ असा दोन ओळींचा संदेश पाठवला की पुष्कळ गोष्टी जागच्या जागी स्पष्ट होतात. विक्रीच्या करारात न आलेले आश्वासन नंतर सिद्ध करणे फार कठीण जाते. ‘दुसरे गिऱ्हाईक संध्याकाळी टोकन देणार आहे’ हे वाक्य खरेही असू शकते. तरीही आधी ठरवलेली मर्यादा आणि कागद तपासण्याचा वेळ त्यापायी सोडू नये. आपली कमाल मर्यादा विक्रेत्याच्या एजंटला कधीच सांगू नये.

पैसे आणि कागद

विसाराची रक्कम, टोकन, हप्ते यांतील काहीही एजंटच्या वैयक्तिक खात्यात भरू नये. रक्कम थेट मालकाच्या खात्यात किंवा कायद्याने मान्य केलेल्या विश्वस्त खात्यात जावी, आणि पावतीवर ती कोणत्या अटीवर दिली व व्यवहार न झाल्यास किती दिवसांत परत मिळेल हे लिहिलेले असावे. इंग्लंडच्या १९७९ च्या कायद्यात एजंटकडे आलेले ग्राहकाचे पैसे विश्वस्ताप्रमाणे, वेगळ्या खात्यात ठेवण्याची तरतूद आहे. भारतात २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाच्या, कायद्यानुसार, नव्या प्रकल्पात लेखी विक्रीकरार नोंदवण्याआधी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकल्पातील घरे विकून देणाऱ्या एजंटलाही स्वतःची नोंदणी करावी लागते, आणि ग्राहकाला हक्काची माहिती व कागदपत्रे मिळवून देणे हे कलम १० नुसार त्याचे काम आहे. नोंदणीची पद्धत जेथे आहे तेथे एजंटचा क्रमांक मागावा आणि तो प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळून घ्यावा.

कागदपत्रे जमवणे हे एजंटचे काम. ती वाचून मालकीहक्क निर्वेध आहे की नाही हे सांगणे वकिलाचे. या दोन कामांची सरमिसळ झाल्यामुळे माणसे सर्वांत जास्त अडचणीत येतात. ‘टायटल क्लिअर आहे, काळजी करू नका’ असे एजंट म्हणाला तरी त्याला ते ठरवण्याचे प्रशिक्षण नसते आणि चूक निघाल्यास बहुधा तो जबाबदारीही घेणार नसतो. वकील स्वतः निवडावा, एजंटने सुचवलेला शक्यतो टाळावा, आणि त्याच्याकडून काही बाबी खास तपासून घ्याव्यात : विकणाऱ्याच्या नावावर मालमत्ता कशी आली, सर्व सहमालकांची आणि वारसांची संमती आहे का, तारण किंवा अन्य बोजा आहे का, मंजूर आराखडा आणि प्रत्यक्ष बांधकाम जुळते का. कुणी मुखत्यारपत्राच्या आधारे विकत असेल तर ते देणारी व्यक्ती हयात आहे याची स्वतंत्र खात्री करावी, कारण ती मरण पावल्यावर असा अधिकार साधारणपणे संपतो. बांधकामाची स्थिती स्थापत्य अभियंत्याने पाहावी. यासाठी लागणारा खर्च व्यवहाराच्या मानाने नगण्य असतो, आणि जो एजंट या तपासण्यांना विरोध न करता स्वतः वेळा ठरवून देतो, त्याच्यावर मी अधिक विश्वास ठेवीन.

व्यवहार पूर्ण होताना

नोंदणीच्या दिवसापर्यंत सर्वांच्या तारखा जुळवणे, बँकेचा धनादेश वेळेवर निघेल असे पाहणे, जुन्या कर्जाचे मूळ कागद सोडवून आणणे, ऐनवेळी उपटलेला वाद मिटवणे, ही कामे बाहेरून दिसत नाहीत, पण एजंटने दलालीचा बराच भाग येथेच कमावलेला असतो. ताबा घेण्यापूर्वी एक शेवटची पाहणी त्याच्यासोबत करावी, ठरलेल्या वस्तू जागेवर आहेत का ते पाहावे, मीटरचे आकडे टिपून त्यांची छायाचित्रे घ्यावीत.

दलाली करारात ठरल्याप्रमाणे, वेळेवर आणि पावती घेऊन द्यावी. ज्याने काम चोख केले त्याला शेवटच्या क्षणी घासाघीस करून रडवणे अयोग्य आहे. त्याच वेळी त्याच्याकडे दिलेल्या किल्ल्या, मूळ कागद आणि ओळखपत्रांच्या प्रती परत घ्याव्यात, त्याला दिलेले अधिकारपत्र रद्द झाल्याचे लेखी कळवावे, आणि घराच्या आतील छायाचित्रांसह दिलेल्या जाहिराती सर्व संकेतस्थळांवरून उतरवल्या आहेत का हे स्वतः तपासून पाहावे.